गटचर्चा कागदावर कशी होणार?

बारावीच्या विद्यार्थ्यांच्या इंग्रजीविषयी रविवारच्या अंकात आलेला लेख वाचला. मुलांना इंग्रजी बोलता येत नाही हे निरीक्षण पटले, पण दोष त्यांच्याच माथी मारलेला पटला नाही. राज्य मंडळाच्या परीक्षेत इंग्रजीला ८० गुण लेखी, २० गुण तोंडी व अंतर्गत. गटचर्चा आणि मुलाखत हे घटक अभ्यासक्रमात आले, ही चांगलीच गोष्ट. मात्र ते तपासले जातात लेखी कृतिपत्रिकेत. म्हणजे चौघांची चर्चा एकच मुलगा मान खाली घालून लिहून काढतो!

तोंडी परीक्षेत स्वतःची ओळख घडाघडा म्हणणाऱ्या एका मुलीला मी ‘आज एसटी वेळेवर आली का?’ एवढेच इंग्रजीत विचारले. ती ओढणीचे टोक पिळत गप्प उभी राहिली. प्रश्न तिला कळला होता. उत्तर देण्याची सवय कधी लागलीच नव्हती. भरगच्च वर्गात ती लागणार तरी कशी? गटचर्चा पाच-सहा जणांच्या गटात तोंडीच घ्यावी आणि तिच्या सरावासाठी आठवड्याला एक तास वेळापत्रकातच राखून ठेवावा.

– एक निवृत्त इंग्रजी शिक्षिका, सातारा