डायरेक्टर्स गिल्डची बातमी फक्त ऑस्करपुरती नको

संपादक महोदय,

अमेरिकेतल्या डायरेक्टर्स गिल्डचे, म्हणजे तिथल्या दिग्दर्शकांच्या संघटनेचे, अवॉर्ड जाहीर झाले की आपल्याकडे चार ओळींची बातमी येते आणि त्यातही सगळा भर आता ऑस्कर कोणाला मिळणार यावरच, हे मला खरंच खटकतं म्हणून लिहितेय. गिल्डचा विजेताच डायरेक्टरचा ऑस्करही नेणार हा अंदाज बहुतेक वेळा बरोबर निघतो हे मान्य, पण २०१३ मध्ये गिल्डनं बेन अफ्लेकला 'आर्गो'साठी निवडलं तेव्हा ऑस्करच्या डायरेक्टरच्या नॉमिनेशनमध्ये त्याचं नावसुद्धा नव्हतं, आणि २०२० मध्ये गिल्डनं सॅम मेंडिसला दिला तर ऑस्कर गेला बाँग जून-होला. ऑस्करला शेवटचं मतदान सगळ्या शाखांचे लोक करतात, गिल्डमध्ये मात्र डायरेक्शनच्याच कामातली माणसं मत देतात, ते वजन वेगळंच असतं ना.

आणि खरी मोठी गोष्ट तर बातमीत येतच नाही. सिनेमासाठी जिंकलेल्या डायरेक्टरबरोबर त्याच्या टीमचाही मान केला जातो, म्हणजे युनिट प्रॉडक्शन मॅनेजर, फर्स्ट असिस्टंट डायरेक्टर, सेकंड असिस्टंट डायरेक्टर. पहाटेचा कॉल टाइम (सेटवर हजर व्हायची वेळ) ठरवणारे, ज्युनिअर आर्टिस्टची गर्दी हलवणारे, पाऊस आला की अख्ख्या दिवसाचं शेड्यूल उभ्या उभ्या बदलणारे हेच लोक, आणि प्रेक्षकांना त्यांची नावं कधीच कळत नाहीत. या मंडळींसाठी जुन्या काळातले डायरेक्टर फ्रँक काप्राच्या नावानं वेगळा सन्मान आहे आणि असोसिएट डायरेक्टर, स्टेज मॅनेजर यांच्यासाठी डायरेक्टर फ्रँकलिन शॅफनरच्या नावानं, लाइव्ह कार्यक्रमात कंट्रोल रूममध्ये सेकंद मोजत बसणारे ते हेच. इतर मोठ्या सोहळ्यांत अशा कामाला क्वचितच कोणी विचारतं.

टीव्हीचंही तेच. सिरीजच्या एकेका एपिसोडचा डायरेक्टर वेगळा असू शकतो आणि अवॉर्ड त्या एपिसोडच्या डायरेक्टरला जातो, आपण मात्र पूर्ण सिरीजचं नाव छापून मोकळे होतो, डायरेक्टर कोण हे वाचकाला कळतच नाही!

डायरेक्टर कॅथरीन बिगेलो २०१० मध्ये गिल्डचं अवॉर्ड सिनेमासाठी जिंकणारी पहिली बाई ठरली, अवॉर्ड सुरू होऊन साठ वर्षं उलटल्यावर, यावर तर अख्खा लेख होऊ शकतो. १९९९ मध्ये गिल्डनं जीवनगौरव पुरस्कारावरचं मूकपटांच्या काळातला डायरेक्टर डी. डब्ल्यू. ग्रिफिथचं नाव त्याच्या सिनेमातल्या वंशद्वेषामुळे काढून टाकलं, त्यावरही.

पुढच्या वेळी निदान टीव्हीच्या विजेत्या डायरेक्टरांची आणि असिस्टंट लोकांची नावं पूर्ण छापा, ऑस्करचा अंदाज खाली एका ओळीत आला तरी चालेल.

आपली,
एक वाचक