यंदा सिद्धेश्वराच्या जत्रेला, गड्ड्याला येणं जमत नाही, दादा

दादा,

परवा फोनवर तू म्हणलास की ट्रम्पनं घुसखोरांना हाकललं ते बरोबरच केलं, तू तर व्हिसावर गेलास, तुला काय टेन्शन. तेव्हा मीटिंगची वेळ झालती म्हणून काय बोललो नाही, आता लिहितोय.

हे बघ, चोरून शिरणाऱ्यांचं मी पण समर्थन करत नाही, घर म्हणल्यावर दाराला कडी पाहिजेच. पण फेब्रुवारी २०२५ ला ते मिलिटरीचं विमान अमृतसरला उतरलं, १०४ माणसं, हातात बेड्या पायात साखळ्या, त्यात तिघं महाराष्ट्रातले, त्या दिवशी ऑफिसात आम्ही देशी लोक एकत्र जेवायला बसलो आणि कोण काय बोललंच नाही, सगळे आपापल्या डब्यात बघत बसले.

इथं टीव्हीवर कायम मेक्सिकोची बॉर्डर न् भिंत. एक पार्टी म्हणते बंद करा, दुसरी म्हणते माणुसकी दाखवा, आणि आमच्यासारखे टॅक्स भरून रांगेत उभारलेले दोघांच्याही भाषणात नाहीत. ग्रीन कार्डचं, म्हणजे इथं कायमचं राहायच्या परवान्याचं गणित सांगतो तुला. नोकरीवाल्यांना वर्षाला साधारण १,४०,००० कार्डं, आणि एका देशाला त्यातली ७ टक्केच, मग तो देश भारत असूदे नाहीतर मूठभर लोकांचा आइसलँड! १९९० च्या कायद्यातलं आहे हे, अजून तेच चाललंय. आणि सप्टेंबर २०२५ ला शुक्रवारी संध्याकाळी एच-वन-बी ला, म्हणजे आमच्या नोकरीच्या व्हिसाला १ लाख डॉलर फी असा हुकूम निघाला, माझा एक मित्र गावाकडं निघालता तो एअरपोर्टवरनं बॅग घेऊन परत आला. दुसऱ्या दिवशी कळलं ते फक्त नव्या अर्जांना आहे. तिकिटाचे पैसे गेलेच की त्याचे.

आणि आपण सोलापूरकरांनी तरी घुसखोर घुसखोर करावं का रे? अशोक चौकाकडं आयुष्यभर माग चालवले ते पद्मशाली कुठनं आले? तेलंगणातनं. तू म्हणशील एकाच देशातले की, तर नाही, तेव्हा तिकडं निजामाचं राज्य न् सोलापूर इंग्रजांचं. चादर मात्र आपण सोलापुरी म्हणून मिरवतो.

आता खरी गोष्ट. माझ्या पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का संपलाय, आलो तर मुंबईत नवा मारून घ्यायला लागतो. डिसेंबरची तारीख मिळालती, ती पुढं गेली मार्चला, आता म्हणे आमचं फेसबुक-इन्स्टा पण तपासणार. मधेच अडकलो तर इथली नोकरी जाईल. आईला एवढं सगळं सांगू नको, रजा मिळाली नाही म्हण.

जत्रेत घालायची माझी बाराबंदी वरच्या कपाटात आहे, पोराला बसते का बघ. आणि अक्षतांच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या लग्नाच्या दिवशी संमती कट्ट्यावर गर्दी व्हायच्या आधीच व्हिडिओ कॉल लाव, नंतर तिथं रेंज येत नाही.

तुझा,
धाकटा