टोमॅटो यंदा पोत्यात लावा

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

गेल्या वर्षी टोमॅटो गेले ते पाण्यावाचून नव्हे. पानं पिवळी न पडता हिरवंगार झाडच माना टाकतं, तो 'मर' रोग. आत्ता वांगी तशीच कोमेजतायत म्हणता, तर एक झाड उपटा, बुंध्याचा बोटभर तुकडा कापा आणि काचेच्या पेल्यात स्वच्छ पाण्यात अर्धा बुडवून धरा. पाच-दहा मिनिटांत कापातून दुधासारखे धागे खाली उतरले, तर ती जिवाणूंची मर. तिच्यावर औषध नाही, आणि पाणी वाढवलं तर ती शेजारच्या झाडांनाच पोचते. झाड मुळासकट काढून जाळा, खतखड्ड्यात नको.

वांगी, मिरची, टोमॅटो एकाच कुळातली. ज्या वाफ्यात दरवर्षी वांगी, तिथे हा रोग मातीतच बसलेला असतो. आपली आंबट जांभी माती आणि दमट हवा त्याला मानवते. म्हणून यंदा वाफा नको, तांदळाची रिकामी पोती घ्या. माती भातखाचरातली आणा, तीही भातानंतर कुळीथ किंवा वाल होतो तिथली. खाचरात चार महिने पाणी साचतं, त्यात हे जिवाणू बरेच कमी होतात. एका पोत्याला दोन घमेली माती, मूठभर चुना. पंधरा दिवसांनी एक घमेलं कुजलेलं शेणखत, अर्धं घमेलं भाताचं तूस, मूठभर निंबोळी पेंड. चुना आणि शेणखत एकाच दिवशी मिसळू नका, खतातलं नत्र उडून जातं. पोत्याला तळाशी सात-आठ भोकं पाडा आणि ते दोन चिऱ्यांवर ठेवा. जमिनीची माती लागणार नाही आणि आईला वाकावंही लागणार नाही.

मिरचीचं बी घटस्थापनेला पडवीत पेरा, टोमॅटोचं दसऱ्यानंतर आठवड्याने. मिरचीच्या रोपाला सहा आठवडे लागतात, टोमॅटोला जेमतेम चार, म्हणजे तुळशीच्या लग्नाला दोन्ही लावायला येतात. टोमॅटोचं खोड खालच्या पानांपर्यंत पुरा, त्याला तिथून मुळं फुटतात. मिरची मात्र रोप असताना जेवढी खोल होती तेवढीच लावा. एका पोत्यात एकच रोप आणि शेजारी पाच फुटी चिवारीची काठी.

बी 'अर्का रक्षक'चं घ्या, बेंगळुरूच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेचं. ते मर, पर्णगुच्छ (पानं आक्रसणारा रोग) आणि करपा या तिन्ही रोगांना सहसा दाद देत नाही. संकरित आहे, त्यामुळे फळातलं बी राखून ठेवण्यात अर्थ नाही. मिरचीसाठी दापोलीच्या विद्यापीठाची 'कोकण कीर्ती' बघा. ढोबळी मिरचीचा हट्ट सोडा. तिला थंड रात्री लागतात, किनाऱ्यावर ती फुलं गाळते.

पाणी रोज सकाळी, बुंध्याशी, दीड-दोन लिटर. एक दिवस कोरडं आणि दुसऱ्या दिवशी भरपूर असं झालं, की टोमॅटोच्या बुडाला काळा चामड्यासारखा डाग पडतो. तो रोग नव्हे. पाण्याच्या ओढाताणीत फळापर्यंत कॅल्शियम पोचत नाही. पोत्यावर पेंढा अंथरा. मार्चनंतर विहीर मचूळ झाली, तर ते पाणी घालू नका, पानांच्या कडा करपतात.

मिरचीची पानं वर वळून होडीसारखी झाली तर फुलकिडे, खाली वळली तर कोळी नावाची बारीक कीड. फुलकिड्यांना लिटरभर पाण्यात 5 मिली निंबोळी तेल आणि थोडा पातळ साबण, संध्याकाळी, पानांच्या खालून. कोळ्यांना पाण्यात मिसळणारं गंधक, लिटरला 2 ग्रॅम. पण तेल मारल्यावर दोन आठवडे थांबून, आणि भर उन्हात कधीच नाही.

आणि बाबा, तंबाखू मळलेल्या हातांनी रोपांना हात लावू नका. तंबाखूतून मोझॅक रोगाचा विषाणू टोमॅटो-मिरचीवर जातो. आधी साबणाने हात धुवा. (तंबाखूच सोडलीत तर दुधात साखर.)

टोमॅटोच्या बुडाला गुलाबी छटा आली की तोडा आणि घरात टोपलीत पिकवा. उन्हात झाडावर ठेवला तर नीट लाल होत नाही, पिवळट राहतो. फ्रिजमध्ये मात्र पिकल्याशिवाय घालू नका.

तुमची,
लेक