जुनी एमजीबी आणि आधी गंज

संपादक साहेब, नमस्कार.

जुन्या गाडीत नवीन पार्ट टाकले की गाडी "बाटली" असं म्हणणाऱ्यांसाठी हे पत्र. मी मूळचा साताऱ्याचा, आता बर्मिंगहॅमला असतो आणि गेली 3 वर्षं घरच्या गॅरेजात 1966 ची एमजीबी (ब्रिटिश स्पोर्ट्स कार) उघडून बसलोय (बायको तिला सवत म्हणते).

लोकांना वाटतं इंजिन म्हणजे सगळं, पण 1798 सीसीचं ते इंजिन साधं आहे हो, खरा शत्रू गंज. या गाडीला वेगळी चासी नाही, दाराखालचे सिल (पत्र्याचे पोकळ पट्टे) म्हणजेच तिचा कणा, आणि आधीच्या एका गॅरेजवाल्याने तिथे गंजावरच पत्रा ठोकून रंग मारला होता, तो सगळा कापावा लागला. कापायच्या आधी दाराच्या चौकटीत लोखंडी आडव्या पट्ट्या वेल्ड करून घ्या, नाहीतर बॉडी मधेच बसते आणि मग दार लागतच नाही.

मॉडर्न काय केलं? 1967 पर्यंतच्या या गाड्यांना अर्थिंग पॉझिटिव्ह, म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं, म्हणून आधी ते निगेटिव्ह केलं, मग बॅटरी चार्ज करणारा जुना डायनामो काढून अल्टरनेटर लावला, ठिणगी पाडणाऱ्या पॉइंट्सच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन. इथे 2021 पासून ई10 (10 टक्क्यांपर्यंत इथेनॉलचं) पेट्रोल आलंय, त्यातलं इथेनॉल जुने रबरी पाइप खातं, तेही बदलले. तिकडे भारतात तर आता ई20, तेव्हा जुनी प्रीमियर पद्मिनी गाडी जपणाऱ्यांनी पाइप आजच तपासा.

काढलेला डायनामो मात्र फडक्यात गुंडाळून ठेवलाय.

– एक वाचक, बर्मिंगहॅम