खासगी तलावाचा सांडवा कोण तपासणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा तोंडावर आला की धरणांतल्या साठ्याची टक्केवारी रोज छापून येते. त्या तक्त्यात कधीच न येणाऱ्या एका पाण्याबद्दल लिहीत आहे.

आमच्या गावाच्या वरच्या अंगाला, ओढ्यावर, खासगी जमिनीत मातीचा बांध आहे. उंची साधारण आठ मीटर. मूळ मालकाने तो उन्हाळी पिकासाठी घातला होता. पुढे जमीन विकली गेली, फार्महाऊसचे प्लॉट पडले आणि जाहिरातीत तळ्याचा ‘लेक’ झाला. मी पाटबंधारे खात्यात शाखा अभियंता होतो, त्यामुळे बांध दिसला की पाय आपोआप सांडव्याकडे, म्हणजे जादा पाणी बाहेर सोडण्यासाठी ठेवलेल्या वाटेकडे, वळतात. दिवाळीनंतर असाच चढून गेलो. सांडव्याच्या तोंडावर, पाणी जास्त साठावे म्हणून, गुडघ्याच्या वर येईल एवढी विटांची भिंत घातलेली. पुढच्या चरात मुरूम टाकून पाहुण्यांच्या गाड्यांसाठी जागा केलेली. माथ्यावर पेव्हर ब्लॉक, कडेने नारळ आणि फायकस. बाहेरच्या उताराच्या पायथ्याला मात्र लव्हाळ्याचा हिरवागार पट्टा. तिथले झिरपणारे पाणी काचेच्या बाटलीत धरून घरी आणले. सकाळी तळाशी मातीचा थर बसला होता.

मातीचा बांध थोडाफार पाझरतोच, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. पाझर नितळ आहे ना आणि वाढत नाही ना, एवढे पाहायचे असते. गढूळ पाझर म्हणजे पाण्याबरोबर पोटातली माती बाहेर येते आहे. हे पोखरणे पायथ्याकडून सुरू होते आणि आत आत, पाण्याच्या दिशेने सरकत जाते. वरून गवत हिरवे दिसते, माथा शाबूत दिसतो, म्हणून कोणाला शंका येत नाही. झाडांचेही तेच. झाड वाळले की कुजलेल्या मुळांच्या जागी पाण्याला आयती वाट मिळते. म्हणून मातीच्या भरावावर गवत चालते, झाड चालत नाही.

पण मला जास्त भीती सांडव्याची वाटते. दगडी धरणावरून पाणी गेले तर ते काही काळ तग धरते. मातीच्या बांधाच्या माथ्यावरून पाणी पडू लागले की बाहेरचा उतार कापत जातो आणि खेळ काही तासांत आटोपतो. माथा आणि पूरपातळी यांत राखलेले मोकळे अंतर त्यासाठीच असते. ते त्या भिंतीने खाऊन टाकले आहे. व्यवस्थापक भला माणूस आहे, चहा पाजतो. त्याचे म्हणणे एकच : “साहेब, पाणी वाया का घालवायचं?”

अमेरिकेच्या हवाई राज्यातल्या काउआई बेटावर का लोको नावाचा असाच खासगी मातीचा बांध होता, उसाच्या मळ्यांसाठी एकोणिसाव्या शतकात घातलेला. 14 मार्च 2006 च्या पहाटे तो फुटला आणि सात माणसे गेली. चौकशीत दिसले ते असे की सांडवा जागेवर नव्हता, तो बहुधा बुजवला गेला होता आणि सरकारी यंत्रणेने बांध कधी तपासलाच नव्हता. केनियातल्या सोलाईत 9 मे 2018 च्या रात्री एका खासगी शेतमळ्यावरचा बांध फुटून चाळीसहून अधिक माणसे दगावली. आपल्याकडचे तिवरे धरण तर सरकारीच होते. 2 जुलै 2019 च्या रात्री चिपळूण तालुक्यातली भेंदवाडी वाहून गेली. गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती, आणि तेव्हाच्या जलसंधारण मंत्र्यांनी खापर खेकड्यांवर फोडले. खेकडे बिळे करतात हे खरे आहे. बीळ दिसले की बुजवायला माणूस नेमावा लागतो, हेही खरे आहे.

आता आमच्या बांधाचा वाली कोण? धरण सुरक्षा कायदा, 2021 खासगी मालकालाही लागू होतो, पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी सक्तीची करतो. पण 15 मीटरपेक्षा उंच धरणांना. 10 ते 15 मीटरमधली काही ठरावीक अटींवर त्यात येतात आणि त्याखालची सुटतात. मी अर्ज केले तेव्हा एका कार्यालयाने ‘खासगी मालमत्ता’ म्हणून हात झटकले, दुसऱ्याने ‘आमच्या यादीत नाही’ असे कळवले. दोघांचेही उत्तर नियमात बसते. या तळ्याचे पाणी एक हेक्टरवर पसरते. सरासरी खोली तीन मीटर धरली तर 30 हजार घनमीटर, म्हणजे तीन कोटी लिटर. धरणांचे पाणी टीएमसीत (अब्ज घनफुटांत) मोजणाऱ्यांना हसू येईल. ओढ्याच्या खालच्या वळणावर कातकरी वस्ती आहे आणि तिला लागून अंगणवाडी. त्यांच्या दृष्टीने हे पाणी फार आहे.

नवा कायदा येईपर्यंत थांबायची गरज नाही. जिल्हाधिकारी हे जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात. 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली त्यांना पुरेसे अधिकार आहेत. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 152 खाली कार्यकारी दंडाधिकारीही धोकादायक बांधकामाबाबत सशर्त आदेश काढू शकतात. तलाठी आणि ग्रामसेवकांनी आपापल्या गावातल्या अशा बांधांची साधी नोंद केली (मालक कोण, सांडवा मोकळा आहे का, खाली वस्ती किती) तरी मे महिन्यात कुठे आधी जायचे ते कळेल.

गावातली तरुण पोरे आता जेसीबी लावून बांधच फोडायच्या गोष्टी करतात. त्यांना हात जोडून सांगणे आहे की तसे करू नका. तळे अजून निम्मे भरलेले आहे, आणि भरल्या मातीच्या बांधाला चर मारणे म्हणजे आपल्या हाताने तो फोडणे. आधी पाइप टाकून सायफनने पाणी उतरवावे लागते, तेही सावकाश. पातळी झपाट्याने उतरली तर आतला उतार घसरतो. सांडव्यावरची भिंत काढणे मात्र दोन गड्यांचे एका दिवसाचे काम आहे, आणि चरातला मुरूम उपसायला तोच जेसीबी चालेल. मालकाने हे मृगाच्या आत करावे. त्याने केले नाही तर तहसीलदारांनी करून घेऊन खर्च त्याच्याकडून वसूल करावा.

आपला,
एक निवृत्त शाखा अभियंता,
मुळशी (जि. पुणे)