एकाच घरातला कोविड, एकाच पीएनआरवर दोन न्याय

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी सध्या न्यू जर्सीला मुलीकडे आहे, बाळंतपणाला म्हणून आलेय, पण पोचले ते बाळ झाल्यावर चार दिवसांनी, आणि ते असं का झालं, आणि त्यात विमान कंपनीने यांची तारीख फुकट बदलली पण माझी नाही, तेच कळवायचंय. पुण्यात असताना आपला पेपर रोज हातात असतो, इथे मोबाईलवर वाचते.

आमची तिकिटं १४ जून २०२२ ची होती, मुंबई ते नेवार्क व्हाया लंडन, माझं आणि यांचं एकाच पीएनआरवर. मुलीला तारीख दिलेली २ जुलै, म्हणजे अडीच आठवडे हातात. दोघांचे बूस्टर झालेले, कोविनच्या सर्टिफिकेटवर पासपोर्ट नंबर टाकून घेतला होता कारण परदेशी माणसाला लस झाल्याशिवाय तेव्हा अमेरिकेत घेत नव्हते, आणि निघायच्या आदल्या दिवसाची निगेटिव्ह टेस्टही लागत होती, तिच्यासाठी १३ तारखेला सकाळी लॅबवाल्याला घरी बोलावून ठेवलं होतं.

८ तारखेच्या रात्री हॉलमध्ये बॅगा उघड्या पडलेल्या, हे हुकाच्या काट्याला एकेक बॅग लटकवून वजन बघतायत, २३ किलोच्या वर जायला नको, मी डिंकाच्या लाडवांचा डबा या बॅगेतून त्या बॅगेत करतेय, वर सासूबाईंच्या जुन्या सुती लुगड्यांची शिवलेली सहा दुपटी. मध्येच म्हणाले घसा खवखवतोय, आंबा जास्त झाला वाटतं. सकाळी अंग तापलं. मेडिकलमधून अडीचशे रुपयांचं घरी करायचं किट आणलं, पंधरा मिनिटं थांबा असं लिहिलेलं असतं, पण दुसरी रेघ तीन-चार मिनिटांतच आली. मग रीतसर आरटीपीसीआर केली, तीही पॉझिटिव्ह. आमचा टू बीएचके, यांना आतल्या खोलीत ठेवलं, ताट दाराशी, सात दिवसांचं होम आयसोलेशन. ती दुपटी मी सगळी पुन्हा गरम पाण्यातून काढून गच्चीत वाळत घातली, यांनीच तर घड्या घातल्या होत्या.

माझी आणि मुलाची टेस्ट निगेटिव्ह.

आता पुढचं बघा. ११ तारखेला शनिवारी सकाळी बातमी आली की अमेरिकेने टेस्टची अट काढली, १२ जूनपासून विमानात बसायला कुठलीच टेस्ट लागणार नाही. पहिला फोन वन्संचा, सुटलात गं वहिनी! मग विहीणबाईंचा, मग बिल्डिंगमधल्या दोघीतिघींचे. सगळ्यांचं म्हणणं एकच, दादा मागून येतील, तू पुढे हो, तुला काही होत नाहीये ना, लेकीला आत्ता गरज आहे. आणि ज्या एजंटकडून तिकिटं काढली होती तो म्हणाला, काकू तुम्ही कुणाला काही सांगूच नका, आता काउंटरवर कुणी विचारत पण नाही. तो पोरगा भला आहे, वाईट मनाने बोलला नाही, पण ते "सांगूच नका" माझ्या डोक्यातून दोन दिवस गेलं नाही.

मोह मलाही झाला, खोटं कशाला बोलू. शनिवारी रात्री मी बॅग लावून पण टाकली होती. मुलगी एकच, तिचं पहिलं बाळंतपण, परक्या देशात, आणि आई पुण्यात बसून काय करणार.

पण मनात हिशोब चालूच होता. यांच्याबरोबर मी ८ तारखेपर्यंत एका ताटातलं खाल्लंय म्हटलं तरी चालेल. संपर्क आल्यावर लगेच केलेली टेस्ट निगेटिव्ह येणं म्हणजे काहीच नाही, निदान पाच दिवस गेल्यावर टेस्ट करा आणि दहा दिवस मास्क लावा असं खुद्द अमेरिकेची सीडीसी ही सरकारी आरोग्य संस्थाच तेव्हा सांगत होती. म्हणजे नियम गेला म्हणून आजार काही गेलेला नाही. आणि मी जाणार होते कुठे, नऊ महिने भरत आलेल्या मुलीच्या घरात, ज्या घरात पंधरा दिवसांनी तान्हं बाळ येणार. वाटेत लंडनपर्यंत साडेनऊ-दहा तास आणि पुढे आठ तास, दोन्ही बाजूंना अनोळखी माणसं, त्यातलं कुणी किमो घेत असेल, कुणी माझ्या मुलीसारखी असेल, त्यांना कोण सांगणार की बाजूच्या बाईच्या घरात पेशंट आहे.

१२ तारखेला मी आणि मुलाने परत घरच्या किटवर टेस्ट केली, दोघांची एकेकच रेघ. दोन पट्ट्या बेसिनपाशी शेजारी शेजारी ठेवल्या होत्या, त्यातली माझी कुठली आणि त्याची कुठली ओळखू येऊ नये इतक्या सारख्या. १३ तारखेला दुपारी त्याला कणकण आली आणि संध्याकाळी तो पॉझिटिव्ह. तेव्हा मी ठरवलं. कारण आदल्या दिवशी तोही माझ्यासारखाच "काही होत नाहीये" होता, त्याच्या जागी मी असते आणि कणकण एक दिवस उशिरा आली असती, तर मला लंडनच्या विमानात ताप आला असता.

मुलीला फोन करून सांगितलं. ती थोडा वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, आई मला हे आधीच बोलायचं होतं पण तुला कसं सांगू कळेना.

तर आता माझी मूळ तक्रार. विमान कंपनीला फोन लावला, पाऊण तास होल्डवर. यांचा पॉझिटिव्ह रिपोर्ट मेल केला, यांची तारीख एकही पैसा न घेता बदलली. माझी नाही. का, तर माझा स्वतःचा पॉझिटिव्ह रिपोर्ट नाही. मी म्हटलं अहो एकच घर, एकच पत्ता, एकच पीएनआर, आता तर मुलगाही पॉझिटिव्ह आहे. तर पलीकडची मुलगी म्हणाली, मॅम अमेरिकेने टेस्ट पण काढली आहे, यू कॅन ट्रॅव्हल. चार्ज आणि भाड्यातला फरक धरून एकतीस हजार भरले, जूनमधे सगळेच परदेशी निघालेले, स्वस्त सीट कुठून मिळणार. इन्शुरन्सवाल्यांकडे चौकशी केली तर ते म्हणाले घरातलं माणूस हॉस्पिटलमध्ये ॲडमिट झालं तरच क्लेम. म्हणजे जो घरीच नीट आयसोलेशन पाळून बरा झाला त्याच्या घरच्यांना काहीच नाही.

मला पैसे गेल्याचं दुःख आहेच, पेन्शनीतले एकतीस हजार कमी नसतात, पण त्याहून जास्त लागलं ते हे की मी काहीच बोलले नसते, गुपचूप जाऊन बसले असते तर माझा एक रुपया गेला नसता. खरं सांगणाऱ्याला भुर्दंड आणि लपवणाऱ्याला मोकळा रस्ता, मग लोक लपवणारच. त्याहून पुढचं म्हणजे लोक टेस्टच करणार नाहीत, मला दोघांनी तसं सांगितलंही, तू त्यांची टेस्टच कशाला केलीस, व्हायरल म्हणून सोडून द्यायचं.

कुणी म्हणेल मग जुना नियमच बरा होता. मला तसं वाटत नाही. आमच्या ओळखीतल्या एकांना जानेवारीत ओमायक्रॉन होऊन गेला, महिन्याने ठणठणीत, तरी आरटीपीसीआर पॉझिटिव्हच, कारण बरं झाल्यावरही ती काही आठवडे तशी येऊ शकते. मग नव्वद दिवसांच्या आतला पॉझिटिव्ह रिपोर्ट आणि बरे झाल्याचं डॉक्टरांचं पत्र अशी कागदं गोळा करत फिरले बिचारे. टेस्ट काढली ते ठीक झालं. पण टेस्ट काढताना जी जबाबदारी प्रवाशावर आली ती पाळणाऱ्याला थोडी तरी सोय करून द्यायला हवी होती, ती कुणीच केली नाही.

आणि हेही मान्य आहे की प्रत्येकाला थांबता येत नाही. कुणाचा व्हिसा संपतोय, कुणाचं कॉलेज सुरू होतंय, कुणाच्या घरी मयत झालंय. अशांना मी नावं ठेवणार नाही, फक्त निघण्याआधी पुन्हा टेस्ट करा, चांगला एन ९५ लावा आणि शेजारी जेवत असेल तेव्हा तुम्ही जेवू नका, त्याचं झाल्यावर जेवा. आम्ही २५ तारखेला निघालो, मुलाच्या पॉझिटिव्हपासून दहा दिवस पूर्ण करून, १४ आणि १८ तारखेलाही माझी टेस्ट निगेटिव्ह. मुंबईला सगळ्यांच्या तोंडावर मास्क, कारण मास्क न लावणाऱ्याला विमानातून उतरवा असं डीजीसीएने, म्हणजे आपल्या विमान वाहतूक महासंचालनालयाने, ८ जूनलाच काढलं होतं. लंडनपुढच्या विमानात आमच्या आसपास आम्ही दोघंच मास्कवाले. आपल्याकडे तरी काय, गुढीपाडव्यापासून मास्क ऐच्छिक झाला आणि मे अखेरीस ओमायक्रॉनच्या बीए ४ आणि बीए ५ या नव्या प्रकारांचे पेशंट राज्यात पहिल्यांदा सापडले ते पुण्यातच, तरी लग्नाच्या हॉलमध्ये एक मास्क दिसत नव्हता.

बाळ २१ जूनला झालं, तारखेच्या अकरा दिवस आधी. जावई एकटे होते. व्हिडिओ कॉलवर मी पहिल्यांदा नात बघितली, आमच्या किचनच्या ओट्याशी उभी राहून, हे बेडरूमच्या दारातून लांबून बघत होते. पहिले चार दिवस शेजारच्या मराठी घरातून मुलीला मऊ भात आणि मेतकूट आलं, त्यांचे उपकार मी विसरणार नाही. वन्सं अजून म्हणतात, तुला तर शेवटपर्यंत काही झालंच नाही, गेली असतीस तर पोचली असतीस. हो, पोचले असते. पण १३ तारखेच्या रात्री हे मला कोण सांगणार होतं? मी तेव्हा जेवढं माहीत होतं तेवढ्यावर ठरवलं आणि उद्या परत तीच वेळ आली तरी तेच करीन.

माझं म्हणणं एवढंच आहे की घरातला माणूस पॉझिटिव्ह असेल तर त्याचा रिपोर्ट आणि एकाच पत्त्याचा पुरावा दाखवल्यावर बाकीच्यांनाही एकदा तारीख विनाशुल्क बदलून मिळावी. मास्कबद्दल सगळ्या कंपन्यांना आदेश काढता येतो तर याबद्दलही काढता येईल. नुसता चार्ज माफ करून उपयोग नाही, भाड्यातला फरकच जास्त असतो, माझ्या एकतीसमधले बावीस हजार त्याचेच होते, त्यामुळे तोही त्यात धरला पाहिजे. आणि इन्शुरन्सच्या पॉलिसीत "ॲडमिट" ऐवजी पॉझिटिव्ह रिपोर्ट पुरेसा धरावा.

मी कंपनीला दोन मेल केले, दोन्हीला तेच छापील उत्तर आलं. आता विमान वाहतूक मंत्रालयाच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार टाकली आहे, यांच्या फुकट बदललेल्या तिकिटाचा कागद आणि माझी एकतीस हजारांची पावती दोन्ही जोडून. ज्या वाचकांना असाच अनुभव आलाय त्यांनीही तिथे टाकावी, अर्ध्या तासाचं काम आहे, पीएनआर आणि रिपोर्ट हाताशी ठेवा.

आपली,
एक वाचक, कोथरूड, पुणे (सध्या मुक्काम न्यू जर्सी)