हिरडीतलं रक्त अंगावर काढू नकोस

सांगली

प्रिय सुध्या,

परवा फोनवर तू सहज बोलून गेलास, "ब्रश केला की रक्त येतं, म्हणून त्या बाजूला ब्रशच लावत नाही." ते काही डोक्यातून जाईना, म्हणून सविस्तर लिहितोय.

तुझी तीन महिन्यांची शुगर ८.९ आली आणि हिरड्या सुजल्या, ही एकाच दुखण्याची दोन तोंडं आहेत. शुगर चढलेली राहिली की रक्तातल्या पांढऱ्या पेशी मंदावतात. जंतूंपर्यंत उशिरा पोचतात आणि पोचल्या तरी त्यांना नीट मारू शकत नाहीत. मग हिरडीखाली कीटण साचतं, सूज उतरत नाही, आणि त्या सुजेतून रक्तात जाणारी द्रव्यं इन्सुलिनचं काम अडवतात. शुगर आणखी चढते. हिरड्यांवर नीट उपचार केले तर तीन-चार महिन्यांत एचबीए१सी, म्हणजे हीच तीन महिन्यांची शुगर, सरासरी ०.४ च्या आसपास खाली येतं, हे अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं गेलंय. औषध न वाढवता एवढं मिळत असेल तर ते सोडायचं कशाला?

२०२१ चा मे महिना मी विसरू शकत नाही. कोविडमधून घरी आलेले, पन्नाशीचे एक शेतकरी माझ्याकडे आले. वरच्या तीन दाढा एकदम हलत होत्या. कीड कुठेच नाही. आरशानं टाळू पाहिली तर रुपयाएवढा राखाडी-काळा डाग, आणि दाबलं तरी त्यांना कळत नव्हतं. त्याच दुपारी त्यांना मेडिकल कॉलेजला पाठवलं. वरचा अर्धा जबडा काढावा लागला, पण माणूस वाचला. आज टाळूची पट्टी बसवल्याशिवाय प्यायलेलं पाणी नाकातून येतं.

त्यांना म्युकर, म्हणजे काळी बुरशी झाली होती. म्युकरचे बीजाणू मातीत, कुजलेल्या पाल्यात, हवेत सगळीकडे असतात. तुझ्या-माझ्या नाकात रोज जातात आणि शरीर त्यांचा निकाल लावतं. स्टेरॉइडनं प्रतिकारशक्ती दबलेली, त्यात शुगर बेफाम, अशा वेळी ती बुरशी सायनसमध्ये मूळ धरते, रक्तवाहिन्या बुजवते, आणि रक्त न मिळालेलं हाड मरतं. खराब दातांमुळे म्युकर होतो असं मी म्हणत नाही. पण अनेकांच्या बाबतीत धोक्याची खूण आधी तोंडात उमटली, आणि "दाढ दुखतेय, बघू नंतर" म्हणण्यात मोलाचे दिवस गेले.

साधी किडलेली दाढसुद्धा कमी लेखू नकोस. खालच्या दाढेचा पू जिभेखाली उतरला तर मान सुजून श्वास कोंडतो, आणि मधुमेहात तो झपाट्यानं पसरतो. मेडिकलमधून गोळ्या आणून सूज दाबणं मला म्हणूनच पटत नाही.

आता एवढं कर. मऊ ब्रश घे आणि रक्त येतं तिथेच, दात-हिरडीच्या सांध्यावर, हलक्या हातानं फिरव. या आठवड्यात स्केलिंगची, म्हणजे कीटण काढून घ्यायची वेळ घे. सकाळची घे, नाश्ता आणि शुगरची गोळी घेऊनच जा, आणि मधुमेह आहे हे डॉक्टरांना आधी सांग. स्केलिंगनं दात ढिले होत नाहीत. कीटण निघाल्यावर मोकळं वाटतं, इतकंच.

काकू अजून मशेरी लावतात का? उजेडात त्यांच्या गालाची आतली बाजू बघ. पांढरा चट्टा किंवा न भरणारी जखम दिसली तर त्यांनाही सोबत ने.

रिपोर्टचा फोटो पाठव. वहिनींना नमस्कार.

तुझा,
विज्या